हापूस कलमांचा विस्तार ड्रोनने मोजताना: देवगडच्या सड्यावरील एका बागेचे प्रकरण

हापूसच्या बागेत पॅक्लोब्युट्राझॉल, म्हणजे पालवीची वाढ रोखून मोहोर आणणारे औषध, देताना मात्रा कलमाच्या विस्तारावरून काढायची असते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे. कलमाचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजायचा, दोन्हींची सरासरी काढायची आणि दर मीटरमागे 0.75 ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे 23 टक्क्यांच्या द्रवरूप औषधाचे 3 मि.लि., 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान मुळांपाशी द्यायचे. हे बागायतदारांना तोंडपाठ असते. टेप मात्र फार थोड्या बागांत निघतो. ऐन पावसात, रान वाढलेले असताना, शेकडो कलमांखाली दोन माणसांनी दोन-दोन वेळा टेप धरत फिरायचे, हे काम कुणालाच नको असते. मग मोठे, मध्यम आणि लहान असे तीन गट पडतात आणि मात्रा नजरेने ठरते.

नजरेचा अंदाज उंचीला फसतो. उंच वाढलेले कलम रुंदही वाटते. 8 मीटर विस्ताराचे कलम 10 मीटरचे धरले, तर 24 मि.लि.च्या जागी 30 मि.लि. जाते, म्हणजे चौथा हिस्सा जास्त. पॅक्लोब्युट्राझॉल मुळांवाटे वर चढते, झाडातील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखते आणि जमिनीत बराच काळ टिकून राहते. त्यामुळे दरवर्षीची जास्तीची मात्रा त्या वर्षापुरती संपत नाही. पेरे आखडतात, पालवी खुरटते, मोहोर सुटा न येता गुच्छासारखा दाटतो. कमी मात्रा पडलेल्या कलमाला पावसाळ्यानंतर पालवी फुटत राहते आणि मोहोर मागे पडतो. एकाच ओळीत ही दोन्ही टोके दिसू लागली की दोष औषधाला दिला जातो. खरा घोटाळा मापात असतो.

पुढे मांडलेली बाग देवगड परिसरातील सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, बागांचा नमुना आहे. मापे हिशेब कळावा म्हणून गोल आकड्यांत घेतली आहेत. क्षेत्र 4 हेक्टर, साधारण 200 मीटर लांब आणि तितकेच रुंद. वरचे टोक सड्याच्या कातळावर, खालचे खाडीच्या बाजूला, दोन्हींत 30 मीटरचा उतार. लागवड 10 बाय 10 मीटरवर, म्हणजे हेक्टरी 100 कलमे. कातळाचे उंचवटे, पायवाट आणि मेलेल्या कलमांच्या रिकाम्या जागा सोडून साधारण 360 उभी. वरच्या भागात सुरुंग लावून खड्डे केलेली आणि मातीची भर घातलेली कलमे, खालच्या मातीत जुनी, एकमेकांत शिरलेली. भोवती जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. कडेला काजू, खाली पाच-सहा माड, मधे एक रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी आंबा) आणि एका कोपऱ्यावरून जाणारी विजेची तार.

किती अचूकता हवी, हे आधी ठरवणे

या कामात सर्वांत जास्त वेळ आणि पैसा चुकीच्या अचूकतेवर खर्च होतो. दर मीटरला 3 मि.लि. या हिशेबाने व्यासातली 0.3 मीटरची चूक म्हणजे 0.9 मि.लि. औषध. बागेत मोजपात्राने माप घेताना एवढा फरक हाताकडूनच पडतो. म्हणून व्यास 0.3 मीटरच्या आत बरोबर आला की या कामापुरते माप पुरेसे आहे. त्यापलीकडे सेंटिमीटरच्या मागे लागून 30 मीटर उंचीवरून हजारभर फोटो काढण्यात अर्थ नाही.

उलट, दोन जोडलेली कलमे एकच धरली गेली तर काय होते ते पाहावे. 8-8 मीटरची दोन कलमे पूर्व-पश्चिम चिकटलेली असतील, तर पूर्व-पश्चिम व्यास 16, दक्षिण-उत्तर 8, सरासरी 12, मात्रा 36 मि.लि. एका कलमाला दीडपट औषध आणि शेजारच्याला काहीच नाही. कॅमेरा कितीही महागडा असला तरी ही चूक तो दुरुस्त करत नाही. कोणते कलम कोणते, आणि त्याची कड कुठे संपते, या दोन प्रश्नांवर हे सारे काम उभे असते.

याच कसोटीवर उपग्रह बाजूला पडतो. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात आणि दोन उपग्रह मिळून 5 दिवसांनी तीच जागा टिपतात, पण त्यांच्या चित्राचा सर्वांत बारीक ठिपका (पिक्सेल) 10 मीटरचा आहे. 8 मीटरचे कलम, त्याची सावली आणि शेजारचा कातळ हे सगळे एकाच ठिपक्यात मिसळते. रिसोर्ससॅट या भारतीय उपग्रहावरच्या लिस-4 कॅमेऱ्याचा ठिपका 5.8 मीटरचा, त्यातही एका कलमाच्या वाट्याला दीड-दोन ठिपके येतात. जून ते सप्टेंबर ढगच असतात. ढगांतून पाहणारे सेंटिनेल-1 चे रडार आहे, पण सुट्या कलमाचा व्यास काढण्याइतके तेही बारीक नाही. बागांखालचे क्षेत्र किती, हे मोजायला उपग्रह उत्तम. केंद्र सरकारचा 2014 मध्ये सुरू झालेला ‘चमन’ प्रकल्प फळबागांसाठी तेच करतो. एकेका कलमाच्या मात्रेसाठी मात्र ड्रोनच लागतो. लायडर (लेसर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र) बसवलेला ड्रोन फांद्यांमधल्या फटींतून खालची जमीन थेट टिपतो म्हणून अधिक चांगला, पण 0.3 मीटरच्या गरजेसाठी तो खर्च पटत नाही.

उड्डाण मे महिन्यात का

औषध जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचे, तर माप जुलैत घ्यावे असे कुणालाही वाटेल. पण जुलैत खाली गवत, टाकळा, रान, सगळे हिरवे असते. पाऊस थांबत नाही आणि वारा सुटलेला असतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात गवत वाळलेले असते, कातळ उघडा पडलेला असतो आणि हिरवे तेवढे झाड असते. काढणीही संपत आलेली असते. मे ते जुलै एवढ्या काळात प्रौढ कलमाचा व्यास मात्रेत फरक पडावा इतका वाढत नाही. काढणीनंतर छाटणी होणार असेल, तर मात्र उड्डाण छाटणीनंतर घ्यावे. नाहीतर कापून टाकलेल्या फांद्यांनाही औषधाची मात्रा मिळते.

वेळ सकाळी साडेनऊ ते अकरा. त्याआधी सावल्या लांब पडतात आणि शेजारच्या कलमाची कड काळी होते. देवगडच्या अक्षांशावर मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो; सावली नसते हे खरे, पण थेट खाली पाहणाऱ्या फोटोत मधोमध उजळ डाग पडतो आणि तोवर समुद्रावरचा वाराही वाढलेला असतो. वाऱ्याने फांद्यांची टोके हलली की दोन फोटोंत तेच पान दोन जागी दिसते, संगणक ते टाकून देतो आणि कलमाची कड आत सरकते. पातळ, सर्वत्र सारखे पसरलेले ढग असतील तर त्याहून चांगला उजेड नाही.

उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर बागेची जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते पाहावे. ड्रोन नियम, 2021 प्रमाणे हिरव्या क्षेत्रातील सर्वसाधारण मर्यादा 400 फूट, म्हणजे 120 मीटर आहे; विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फुटांवर येते. सिंधुदुर्गातील चिपीच्या विमानतळाच्या आसपासच्या बागांनी याकडे खास लक्ष द्यावे. ड्रोनची नोंदणी आणि वैमानिकाचे प्रमाणपत्र हे ड्रोनचे वजन आणि काम व्यावसायिक आहे की नाही यावर अवलंबून असते. भाड्याने ड्रोन बोलावल्यास दोन्ही कागद मागून घ्यावेत. तोडणी चालू असेल तर झाडावर गडी आहेत त्या भागात उडवू नये. घारी घिरट्या घालत असतील तर थोडे थांबावे. त्या ड्रोनवर झेपावतात.

उतारावरचा हिशेब

1 इंची सेन्सर, 20 मेगापिक्सेल आणि 8.8 मि.मी. भिंगाचा कॅमेरा घेतला (अनेक ड्रोनवर असाच असतो), तर 60 मीटर उंचीवरून एक ठिपका जमिनीवर सुमारे 1.6 सें.मी. भरतो आणि एका फोटोत 90 बाय 60 मीटर जमीन येते. पुढच्या-मागच्या फोटोंत 80 टक्के आच्छादन, म्हणजे दोन्हींत येणारा सामाईक भाग, हवे असेल तर दर 12 मीटरला एक फोटो. शेजारच्या ओळीशी 75 टक्के हवे तर दोन ओळींत 22.5 मीटर अंतर. बागेच्या चारही बाजूंना 25 मीटर जास्तीचे घेतले, म्हणजे कडेच्या कलमांनाही पुरेसे फोटो मिळतात. एकूण 250 मीटरच्या 12 ओळी, 3 किलोमीटर. सेकंदाला 5 मीटर वेगाने 10 मिनिटे आणि वळणांची थोडी भर. फोटो 250 च्या आसपास, दर 2.4 सेकंदांना एक. शटर 1/1000 सेकंद ठेवले तर तेवढ्यात ड्रोन अर्धा सेंटिमीटरच सरकतो. 1/200 वर सोडले तर अडीच सेंटिमीटर सरकतो आणि पाने पुसट होतात.

हे गणित सपाट जमिनीचे झाले. कोकणात ते जसेच्या तसे वापरले की फसते. खाडीकडच्या टोकावरून ड्रोन उडवला आणि 60 मीटर उंची ठेवली, तर 30 मीटर वर असलेल्या सड्यावर तो जमिनीपासून फक्त 30 मीटरवर असतो. तिथल्या 8 मीटर उंच कलमाच्या शेंड्यापासून 22 मीटर. शेंड्याच्या पातळीवर फोटोची पुढची-मागची लांबी 22 मीटर आणि दोन फोटोंत अंतर 12 मीटर, म्हणजे आच्छादन 45 टक्के. बाजूच्या ओळीशी तर 32 टक्केच. एवढ्यावर झाडाचा आकार उभा राहत नाही. नकाशात सड्यावरच्या कलमांना भोके पडलेली, शेंडे कापल्यासारखे दिसतात आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

उपाय साधा आहे: ड्रोन सड्यावरून उडवावा. वरच्या टोकाशी 60 मीटर ठेवले की खाली खाडीकडे ते 90 मीटर होतात, ठिपका 2.5 सें.मी.चा होतो आणि आच्छादन उलट वाढते. 0.3 मीटरच्या गरजेपुढे 2.5 सें.मी. भरपूर झाले. 120 मीटरची मर्यादाही पाळली जाते. जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलणारी सोय अनेक ड्रोनमध्ये असते. ती बहुधा 30 मीटर ठिपक्याच्या जागतिक उंची-नकाशावर चालते आणि सड्याची उभी कड त्या नकाशात सपाट झालेली असते. 30 मीटरच्या उतारासाठी तिची गरज नाही. 60-70 मीटरचा उतार असेल तर बागेचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे करून दोन उड्डाणे घ्यावीत.

एवढे मात्र विसरू नये की सगळे फोटो सरळ खाली बघूनच काढले, तर सॉफ्टवेअर भिंगाचा दोष नीट ओळखत नाही आणि सपाट कातळ नकाशात कढईसारखा वाकतो. आडव्या दिशेने चार-पाच ओळी कॅमेरा थोडा तिरपा करून घेतल्या की हा दोष पुष्कळ कमी होतो.

कातळावरच्या खुणा

ड्रोनच्या स्वतःच्या जीपीएसची चूक काही मीटरची असू शकते. एका वर्षाचा व्यास काढायला त्याने फारसे बिघडत नाही, कारण सगळी बाग एकदमच सरकलेली असते. पुढच्या वर्षीचा नकाशा याच्यावर ठेवायचा झाला की मात्र 3 मीटर सरकलेले कलम शेजाऱ्याच्या हद्दीत दिसते.

यासाठी जमिनीवर पक्क्या खुणा लागतात आणि इथे कोकणातल्या बागायतदाराला एक मोठी सोय आहे. कातळ हलत नाही. इतरत्र दरवर्षी फ्लेक्सचे चौकोन अंथरावे लागतात. इथे उघड्या कातळावर छिन्नीने अर्ध्या मीटरची फुली कोरून ऑइलपेंट भरला की खूण कायमची झाली. चुन्याची फुली पहिल्याच पावसात जाते. पावसाळ्यात कातळावर शेवाळ चढून तो काळा पडतो, म्हणून दर मे महिन्यात घासून पुन्हा रंग द्यावा. झळझळीत पांढरा रंग कडक उन्हात फोटोत फुटतो आणि फुलीचा मध्य सापडत नाही, पिवळा बरा. खुणा पाच-सहा पुरतात. चार कोपऱ्यांना चार, एक मध्यावर, एक उताराच्या मधल्या टप्प्यावर. सगळ्या सड्यावरच केल्या तर खाडीकडचा भाग वरखाली होतो. त्यांची जागा आरटीके जीपीएस (सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा देणारे) असलेल्या मोजणीदाराकडून एकदाच घेऊन ठेवावी.

फोटोंपासून उंचीच्या नकाशापर्यंत

फोटो जोडून नकाशा करणारे वेबओडीएम हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या आकाराच्या बागेला पुरते. त्यातून तीन गोष्टी घ्यायच्या: बागेचे सलग चित्र, झाडांसकट पृष्ठभागाची उंची आणि झाडे वगळून नुसत्या जमिनीची उंची. पहिल्या उंचीतून दुसरी वजा केली की प्रत्येक ठिपक्याला झाडाची उंची मिळते. पुढे ‘उंचीचा नकाशा’ म्हटले आहे तो हाच. ठिपका 5 ते 10 सें.मी. ठेवावा. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) यूटीएम 43 उत्तर ठेवावे, म्हणजे मापे थेट मीटरमध्ये येतात. अक्षांश-रेखांशातच ठेवले तर क्षेत्रफळाचे आकडे निरुपयोगी ठरतात.

जमीन वेगळी काढण्याच्या दोन कळा (सेटिंग) बदलल्याशिवाय कोकणात हे काम नीट होत नाही. पहिली म्हणजे खिडकीचा, म्हणजे जमीन शोधताना संगणक एका वेळी पाहतो त्या तुकड्याचा, आकार. हा सर्वांत मोठ्या कलमापेक्षा मोठाच हवा. मुळातला 18 मीटर सुट्या कलमांना ठीक. पण खाली जिथे चार-पाच कलमे जोडून सलग छत झाले आहे, तिथे संगणक त्या छतालाच जमीन समजतो आणि 8 मीटरचे कलम उंचीच्या नकाशात 2 मीटरचे दिसते. अशा भागासाठी खिडकी 30 मीटरपर्यंत वाढवावी. दुसरी कळ उताराची. मूळ मूल्य 0.15 असते, म्हणजे 100 मीटरला 15 मीटर. आपल्या बागेची सरासरी बरोबर तितकीच आहे, पण सड्याची कड आणि बांधांच्या पायऱ्या कितीतरी उभ्या असतात. मूळ मूल्य ठेवले तर त्या कडा ‘जमीन नाही’ म्हणून छाटल्या जातात आणि उघड्या कातळावर झाड उगवल्यासारखे दिसते. 0.35 ते 0.4 ठेवून पाहावे. फार वाढवले की जमिनीला टेकलेल्या फांद्या जमिनीत जमा होतात.

तपासणीची जागा ठरलेली असावी. उंचीच्या नकाशात उघडा कातळ शून्य दिसला पाहिजे. 10-20 सें.मी. इकडेतिकडे चालेल. तिथे अर्धा मीटर येत असेल तर पुढे जाऊ नये. गडगा साधारण मीटर-सव्वा मीटर उंच दिसायला हवा. तो नाहीसाच झाला असेल तर जमीन काढताना गाळण जास्त सैल झाली आहे असे समजावे. ही जमीन एकदा नीट निघाली की जपून ठेवावी. पुढच्या वर्षी तीच वापरता येते, कारण झाड वाढते, कातळ वाढत नाही.

कड कुठे संपते

उंचीच्या नकाशावर ‘2 मीटरपेक्षा उंच ते झाड’ अशी रेघ मारायची पद्धत जंगलांच्या मोजणीतून आली आहे. आंब्याला ती जुळत नाही. हापूसच्या बाहेरच्या फांद्या ओथंबून खाली आलेल्या असतात. फळाच्या भाराने तर जमिनीला टेकतात. त्या पट्ट्यात झाडाची उंची मीटरभरच असते. 2 मीटरची रेघ मारली की चारही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर जातो, व्यास 1 मीटरने कमी होतो आणि मात्रा 3 मि.लि.ने. सगळ्या कलमांना सारखीच कमी होत असल्याने आकडे पाहून शंकाही येत नाही.

रेघ 0.7 मीटरवर आणावी. मग गडगा, मातीचे ढीग आणि रचलेले क्रेटही झाडात येतात. त्यांना वगळण्यासाठी रंगाचा आधार घ्यायचा: दुप्पट हिरव्यातून लाल आणि निळा वजा केला की हिरवे तेवढे उठून दिसते. मे महिन्यात वाळलेले गवत आणि जांभा त्यात गळून पडतात. पण इथे एक फसगत आहे, आणि ती आंब्याचीच. नवी पालवी तांबूस असते. पालवलेल्या फांद्या या गाळणीत झाड म्हणून धरल्याच जात नाहीत आणि चांगल्या कलमाला मधे भोके पडतात. म्हणून नियम असा ठेवावा: 2 मीटरच्या वर जे आहे ते रंग न पाहता झाड, 0.7 ते 2 मीटरच्या मधे जे आहे ते हिरवे असेल तरच झाड. गडगा, क्रेट आणि ढीग मधल्या पट्ट्यात पडतात, म्हणून गळतात. कडेला खाली टेकलेल्या फांदीवर तांबूस पालवी असेल तर ती जाते. अशी कलमे चित्रात डोळ्याने पाहून हाताने दुरुस्त करावीत.

माड वरून चांदणीसारखा दिसतो आणि खालच्या कलमावर झावळ्या पसरतो; त्याचा भाग हातानेच कापावा लागतो. बांडगूळ मात्र फसवते. ते हिरवे असते, उंचीवर असते आणि वरून विस्तारातच मोजले जाते. बांडगुळाने भरलेल्या फांद्या औषध देण्याआधी तोडायच्याच असतात. मग त्यांचे माप धरून मात्रा का काढावी? चित्रात त्याची छटा शेजारच्या पानांपेक्षा वेगळी दिसते. अशा कलमांपुढे खूण करून ठेवली, तर एकाच फेरीत बांडगूळ काढण्याची यादीही तयार होते.

कोणते कलम कोणते

सगळ्या बागेतले शेंडे संगणकाला आपोआप शोधायला लावणे मोहक वाटते. एका उंच शेंड्याच्या झाडांत ते जमते. हापूसचे जुने कलम दोन-तीन मोठ्या फांद्यांवर पसरते आणि त्याला दोन-तीन शेंडे असतात, म्हणून एका कलमाची तीन होतात. शोधण्याची खिडकी मोठी केली तर खालची जोडलेली कलमे एक होतात. दोन्ही भागांना चालेल अशी एकच खिडकी नसते.

म्हणून इथे माणूस बसवावा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सलग चित्र उघडून प्रत्येक कलमाच्या मध्यावर एक-एक बिंदू हाताने द्यायचा. 360 बिंदू हे एका बैठकीचे काम आहे आणि 10 बाय 10 च्या चौकटीत कुठे कलम असायला हवे हे दिसतच असते. जोडलेल्या भागात ओळीने चालून प्रत्येक बुंध्याची जागा पाहून यावी. हे बिंदू ‘बी’ म्हणून देऊन, उंचीच्या नकाशावर शेजारच्या दोन कलमांमधली खोलगट रेषा हीच सीमा धरणारी पद्धत चालवायची. त्याआधी नकाशा किंचित गुळगुळीत करावा, म्हणजे एकेका फांदीची घळ सीमा होत नाही.

जोडलेल्या कलमांत ही रेषा खरी कड नसते, कारण फांद्या एकमेकांत शिरलेल्या असतात. टेप लावला तर प्रत्येक कलम जास्त भरेल. नकाशात दोघांत मिळून असलेली जागा एकदाच मोजली जाते. मात्रेसाठी नकाशाचेच माप घ्यावे असे आमचे मत आहे. दोन्ही कलमांची मुळेही त्याच मातीत आहेत आणि जमिनीत टिकणारे औषध कमी बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

क्रमांक द्यायची पद्धत ओळीवरून असावी: उत्तरेकडून ओळ 1, सड्याकडून कलम 1. मेलेल्या कलमाच्या जागेलाही क्रमांक ठेवावा, नाहीतर रिकाम्या जागी नवी कलमे लावल्यावर पुढचे सगळे क्रमांक सरकतात. बुंध्याला पत्र्याची पाटी सैल तारेने बांधावी. मोबाइलवर नकाशा उघडून कलम ओळखायचा भरवसा धरू नये. दाट झाडाखाली जीपीएस ओळ चुकवतो.

दोन प्रकारचे व्यास आणि टेपची पडताळणी

संगणक कलमाचे क्षेत्रफळ देतो आणि त्यावरून तेवढ्याच क्षेत्राच्या वर्तुळाचा व्यास निघतो. शिफारशीतला व्यास तो नव्हे. समजा एका कलमाचा दक्षिण-उत्तर व्यास 8.4 आणि पूर्व-पश्चिम 7.6 मीटर. सरासरी 8, मात्रा 24 मि.लि. त्याच कलमाचे क्षेत्र 45 चौ.मी. भरले तर वर्तुळाचा व्यास 7.6 मीटरच्या आसपास येतो, मात्रा 23 च्या खाली. कारण उघड आहे: टेप बाहेरच्या पानापर्यंत जातो आणि मधल्या खाचा मोजत नाही. शिफारस दोन व्यासांवर बसवलेली आहे, म्हणून सुट्या कलमांना आकृतीचे दक्षिण-उत्तर आणि पूर्व-पश्चिम व्यासच बुंध्यावरून काढावेत.

एखादीच फांदी लांब सुटलेली असेल, तर मात्र क्षेत्रफळाचा व्यास अधिक खरा. दोन्ही आकडे यादीत शेजारी ठेवले की असे कलम लगेच सापडते. फरक 1 मीटरच्या वर गेला की ते चित्रात उघडून पाहावे. बहुतेक वेळा तिथे फांदी नसून शेजारच्या काजूचा तुकडा चिकटलेला असतो.

पडताळणीला 25-30 कलमे टेपने मोजावीत. रस्त्यालगतचीच निवडू नयेत. सड्यावरची, उतारावरची आणि जोडलेली, लहान आणि मोठी, सगळ्यांतून थोडी थोडी. बाहेरच्या पानाखाली ओळंबा सोडायचा आणि टेप आडवा, पातळीत धरायचा. उताराला टेकवून धरला तर 20 अंशांच्या उतारावर 9 मीटरचे माप प्रत्यक्षात 8.46 मीटर असते. उताराच्या दिशेचा एकच व्यास असा फुगत असल्याने सरासरीत चूक 0.27 मीटर राहते आणि मात्रेत 1 मि.लि.च्या आत बसते. तरी पडताळणीचा टेपच वाकडा असेल तर कशाशी ताडायचे?

फरक कसा पडतो त्यावरून दोष कळतो. सगळी कलमे सारखीच कमी भरत असतील तर कडेची रेघ वर बसली आहे, ती 0.7 वरून थोडी खाली घ्यावी. उतारावरचीच चुकत असतील तर जमिनीची उंची नीट निघालेली नाही. काही अगदी बरोबर आणि काही दीड-दोन मीटरने चुकत असतील तर ती मापाची चूक नव्हे. क्रमांक किंवा सीमा चुकली आहे.

यादीवरून खड्ड्यापर्यंत

गड्यांच्या हाती द्यायचा कागद साधा असावा: ओळ, कलम, सरासरी व्यास, औषध मि.लि.मध्ये आणि औषधाचे खड्डे घ्यायच्या गोलाचे बुंध्यापासून अंतर. अर्ध्या मि.लि.च्या खालचे आकडे छापू नयेत, त्याने मोजणारा गोंधळतो. औषध मोजायला 50 मि.लि.चे मोजपात्र; बाटलीचे झाकण नको.

औषध 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलावर 25 ते 30 खड्डे घ्यायचे, 10 ते 12 सें.मी. खोल. 8 मीटरच्या कलमाला गोल बुंध्यापासून 2 मीटरवर येतो, त्याचा परीघ साडेबारा मीटर, म्हणजे 25 खड्डे अर्ध्या-अर्ध्या मीटरवर. 5 लिटर द्रावण केले तर खड्ड्याला 200 मि.लि. ओतून खड्डे मातीने बुजवावेत. जमीन ओली हवी, पण कोसळत्या पावसात देऊ नये.

सड्यावरच्या कलमांना इथे वेगळे पाहावे लागते. सुरुंगाच्या खड्ड्यातली आणि भरीची माती काही वेळा दीड मीटरवरच संपते. 2 मीटरचा गोल कातळावर पडतो आणि द्रावण फटीतून वाहून जाते. अशा कलमांना गोल मातीच्या आत घ्यावा आणि जागा कमी म्हणून खड्डे जवळजवळ करावेत. मातीची कड मे महिन्याच्या चित्रात स्वच्छ दिसते, म्हणून अशा कलमांपुढे ‘कातळ’ अशी नोंद यादी करतानाच व्हावी.

काही कलमांपुढे मात्रेच्या रकान्यात शून्य लिहायचे असते, कारण विस्तार दिसला म्हणून औषध द्यायलाच हवे असे नाही. 10 वर्षांखालची, रोगट किंवा अशक्त कलमे आणि पुनरुज्जीवनासाठी खोल छाटलेली कलमे यांना माप घेऊनही औषध द्यायचे नाही. वरून कलमाचा विस्तार दिसतो. आतला वाळका सापळा आणि खोडकिड्याने पोखरलेला बुंधा दिसत नाही. म्हणून यादी तयार झाल्यावर बाग राखणाऱ्या माणसाला ती हातात देऊन एकदा ओळीने फिरवावे. त्याने शून्य करायला सांगितलेले कलम शून्य करावे आणि कारण शेजारी लिहून ठेवावे. पुढच्या मे महिन्यात कातळावरच्या त्याच फुल्यांवर नवा नकाशा बसवला की त्या कलमांचा विस्तार सावरला की नाही हे कळते आणि रकान्यात पुन्हा आकडा लिहायचा का, ते तेव्हा ठरते.